धोंडूदादांस, कळशी आणि नांगर यांबाबत खुलासा

मालवण,
श्रावण वद्य पंचमी, १९६१

तीर्थस्वरूप धोंडूदादा यांच्या पायांशी बाबलीचा वाकून दंडवत.

तुमच्या गुडघ्यांना यंदाच्या पावसाने फार छळलं नाही ना? वहिनींचा खोकला उतरला का? आणि तुमच्याकडे राहायला आलेली तुमची बहीण, म्हणजे आमचं कुटुंब, पोटभर जेवते ना? माझं म्हणाल तर मी स्वतः रांधतो आणि स्वतःच खातो, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न आहे. बाकी सर्व ठीक.

तिने तुम्हाला तिची बाजू सांगितली असेलच. (तुमच्या घराण्यात आवाज मोठे, तेव्हा ती अर्ध्या वेंगुर्ल्याला कळली असेल.) माझी बाजू तेवढी ऐका. दुकान वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलाच्या हाती दिल्यापासून मला दुपारी करमेना. शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीतून झालेलं. त्यात एका पुडीत आरमाराची सुरुवात मिळायची आणि शेवट कुणाच्या तरी घरी हळदीबरोबर गेलेला असायचा. म्हणून वाचनालयाच्या माडीवर संग्रहालय निघालं आणि तिथे दर गुरुवारी दर्याचा इतिहास व जुनी कारागिरी शिकवणार असं कळलं, तेव्हा पहिलं नाव मी घातलं. संग्रहालय म्हणजे दोन कपाटं, एक बंद पडलेलं होकायंत्र आणि चार नखांचा एक गंजका नांगर. शिकवायला गंगाराम मास्तर. इतिहास ते असा सांगतात की ऐकता ऐकता मी मनाने मस्कतपर्यंत जाऊन येतो. देहाने मात्र समोरच्या किल्ल्यापर्यंतही धड जात नाही. होडी हलली की माझं पोट उलटतं, हे तुम्ही तुमच्याच होडीत पाहिलं आहे आणि नंतर तुम्हीच ती धुतली आहे.

कारागिरीत पहिला धडा सुंभ वळण्याचा. त्यासाठी नारळाची सोडणं, म्हणजे सोललेली जाड सालं, खाडीच्या चिखलात दगडांखाली कित्येक महिने कुजवायची असतात. मास्तर म्हणाले, खारं पाणी, वर वजन आणि माणसाला धीर, एवढं पुरतं. खाडी लांब, चिखलात पाय रुतणार. मी विचार केला, खारं पाणी घरीच करू. मागच्या पडवीत तुमच्या बहिणीची मासे खारवायची दगडी दोण रिकामी होती. पावसाळ्यासाठी भरलेलं मीठही शेजारीच होतं. दोन्ही वस्तू जणू माझ्याच वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. सोडणं घातली, मीठ ओतलं, वर फळी ठेवून पाटा चढवला आणि धीर धरला.

वैशाखअखेर तिने खारवायला टोपलीभर बांगडे घेतले आणि फळी उचलली. त्या वासाचं वर्णन मी करत नाही. शेजारची तुळसा धावत येऊन विचारून गेली, घरात कोण गेलं? दोण घासून घासून वास जाईना, मीठ संपलेलं, बांगडे तसेच वाडीत वाटावे लागले. मग अख्खा पाऊस आम्ही कुळथाची पिठी खाल्ली. गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या मुलीने आषाढात खाऱ्या बांगड्याशिवाय जेवायचं, आणि तरी ती फारसं बोलली नाही. (तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.)

सुंभ मात्र झाला. मास्तरांनी पाठ थोपटली आणि खलाशांची एक गाठ शिकवली. वादळात पक्की राहते आणि नेमका हिसका दिला की क्षणात सुटते. नारळी पुनवेला मी विहिरीचा जुना दोर फेकून माझा सुंभ लावला आणि तिच्या तांब्याच्या कळशीला ती गाठ मारली. कळशी तुमच्या वडिलांनी दिलेली, हे मला ठाऊक आहे, ती रोज सांगते. तिने कळशी सोडली आणि भरायला हिसका दिला. कळशी भरायला हिसका द्यावाच लागतो, हे त्या खलाशांना कोणी सांगितलं नसावं. मी काठावर उभा राहून गाठीचा इतिहास सांगत होतो. खाली बुडबुडे आले तेव्हा थांबलो.

कळशी काढायला मी वाचनालयातून नांगर मागून आणला. तोही त्याच सुंभाने, त्याच गाठीने बांधून सोडला. हिसका द्यायचा नाही, असं घोकत होतो. नख कशात तरी अडकलं, मला वाटलं कळशीच, आणि हर्षाने हात वर गेला. आता तळाशी कळशी आणि संग्रहालय शेजारी शेजारी. (सुंभ तुटला नाही, एवढं कृपया नमूद करावं.) शेवटी शेजारच्या सत्यवानाने बुडी मारून दोन्ही वर आणलं. तुमच्या बहिणीने कळशी पुसली, काखेत घेतली आणि उंबऱ्यावर म्हणाली,

"इतके तांडेल झालात मां, मगे माका न्हेवक दर्यातसून येवा. एस्टीन इलात तर दारातसूनच परत धाडतलंय."

तर दादा, चवथ तोंडावर आली. गणपती आणीन, पण ती नसताना मखरासमोर मी एकटा बसलो तर देवही विचारील की ही खंय? तिची समजूत काढावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बाबली

ता. क. खरी विनंती अशी. मी एस्टीनेच येतो. गुरुवारी बाजाराच्या अलीकडे उतरेन. तुम्ही तिथे बादलीभर समुद्राचं पाणी घेऊन उभे राहा आणि माझ्या डोक्यावर ओता. मग बंदराकडून घरी येऊ. मचव्याने आला, वाऱ्यात शीड स्वतः धरलं, असं तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर ती विश्वास ठेवते.

दुसरा ता. क. पत्राची घडी घालताना ध्यानात आलं की तुम्हाला अक्षर येत नाही आणि हे तुम्हाला तीच वाचून दाखवत असणार. तिला वाचायला शिकवलं ते मीच. नवीन कागद घ्यायला गेलो तर मुलगा दुकान बंद करून गेलेला. तर यशोदे, दादांना म्हणावं, बादली नको. गुरुवारी मचव्यानेच येतो. ओकत येईन, पण येईन. धक्क्यावर उभी राहा, म्हणजे मला बघायला किनाऱ्यावर काहीतरी स्थिर असेल. येताना मात्र दोघं एस्टीने येऊ, एवढं माझं ऐक.