दिवा लागला म्हणून

मंगळवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९८. शिरवणे.

म्हात्रेबाईंच्या गाडीतला फॉल्ट आज सापडला. आता काय उपयोग?

गाडी मधेच बंद पडते म्हणून शनिवारी तिचा पेट्रोल खेचणारा पंप बदलून मीच म्हणालो होतो, "बिनधास्त न्या, बाई." इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरांना करंट देणाऱ्या वायरला टेस्ट लॅम्प लावला होता. दिवा लागला, म्हणून वायर चांगली समजलो. पण इंजिन तेव्हा थंड होतं! वीस वर्षं कार्बोरेटर खोलतोय, तरी एवढं सुचू नये?

काल बाईंच्या नवऱ्याच्या, म्हात्रे मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. बाई त्यांना घेऊन निघाल्या आणि वाशीच्या पुलावर गाडी बंद पडली. टॅक्सी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. मास्तर अजून शुद्धीवर नाहीत.

आज इंजिन तापवून लॅम्प लावला, तर दिवा विझला. वरून वायर धडधाकट, आत तार तुटलेली. थंड असताना टेकते, तापली की सुटते.

हॉस्पिटलात जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कदमभाऊ, नक्की सांगता येत नाही असं म्हणाला असतात, तर मी घरूनच टॅक्सी केली असती."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेली ही नवी गाडी मला अजून नीट कळत नाही, एवढं शनिवारी बोलायला माझी जीभ का रेटली नाही?