मांडीपर्यंतचे लोकरी मोजे

अण्णा, इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, रविवारी दुपारी काही चांगली कर्तीसवरती माणसं युरोपातल्या मध्ययुगाचे कपडे घालून एका हॉलमध्ये जमतात. ऑफिसातल्या एकाला कळलं की मला एकट्याला रविवार खायला उठतो, म्हणून तो मला तिकडे ओढून घेऊन गेला. दाराशी सत्तरीच्या एक बाई बसतात. त्या पुरुषांचे चेहरे बघतच नाहीत, पाय बघतात. कुणी नाचाच्या दुकानातली नायलॉनची तंग विजार घालून आला की त्याची धडगत नाही. "हे नायलॉन कुठल्या राजानं दिलं तुला?" असं विचारून त्या ऐकवतात, की तेव्हाचे पुरुष लोकरी कापडाचे, मांडीपर्यंत येणारे दोन सुटे मोजे चढवत आणि कमरेशी नाड्यांनी बांधत. दोन्ही मधे जोडून एक करायची पद्धत बरीच नंतरची.

मला आधी हसू आलं आणि मग तुमची इतकी आठवण आली, की बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. सांगलीच्या आपल्या दुकानात नाटक कंपनीचे मॅनेजर आलेत, त्यांना मावळ्यांसाठी चुडीदार हवेत, आणि तुम्ही गळ्यातली टेपसुद्धा न काढता त्यांना झापताय, "असल्या विजारीत आधी तुम्ही गड चढून दाखवा, मग शिवतो." शेवटी मावळ्यांना ढगळ चोळणेच मिळाले. चुडीदार फक्त राजाला, आणि तो मी कापला, सरळ, उभ्या धाग्यात. तुम्ही माझ्या हातून कात्री काढून घेतलीत. "उरेब कापायचं, तिरपं. कापडाला रबर नसतं रे, तिरपं असलं तरच ते गुडघ्याशी ताण घेतं. राजाला बसायचंय सिंहासनावर." मी तेव्हा कॉलेजात होतो. प्रेक्षकांना काय कळतंय, असं मी म्हणालो, आणि तुम्ही नवं कापड काढून तो चुडीदार स्वतःच कापलात.

या लोकांचे मोजेही गुडघ्यात अडकत होते. दोन रविवार मी गप्प बसलो, तिसऱ्या रविवारी राहवेना. खडू मागून घेतला, लोकरी कापड तिरपं धरलं आणि एका उंचाड्या इंजिनियरच्या पायाचं माप तुमच्यासारखंच घेतलं, आधी पोटरी, मग टाच. कापून, शिवून मोजा चढवला, इंजिनियर खाली बसला, उठला, आणि हॉलभर टाळ्या. बाईंनी शिवण उलटून पाहिली. म्हणाल्या, बरोबर, त्या काळीही असंच तिरपं कापत. तुम्ही हवे होतात अण्णा, फार हवे होतात.

आता जे लिहायचंय ते लिहितो, कारण हे पत्र कुठे जाणार नाही. इथल्या मराठी मंडळात पहिल्याच पिकनिकला एका डॉक्टर काकांनी विचारलं होतं, "फादर काय करायचे रे तुझे?" मी म्हणालो, "टेक्स्टाइलमध्ये होते, काका." "अरे वा, मिल वगैरे?" मी मान हलवली. तेव्हापासून इतकी वर्षं तुमची मिल आहे. शिंपी हा शब्द इथे एकदाही माझ्या तोंडून गेलेला नाही. त्या दिवशी हॉलमध्ये बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? तिथे ना मंडळ होतं, ना काका. त्या बाईंना तर शिंप्याचा मुलगा म्हटल्यावर आनंदच झाला असता. लाज वाटायचं काही कारण नव्हतं आणि तरी मी म्हणालो, एका पुस्तकातून. कोणतं, म्हणून त्यांनी लगेच वही काढली. मी म्हणालो, नाव आठवत नाही.

त्या अजून ते पुस्तक शोधतायत. काल फोन आला होता, आणखी दोन लायब्रऱ्यांत विचारलंय म्हणे, मिळेलच. मी त्यांना थँक्यू म्हणालो, अण्णा.