कपाटाच्या खणातला घास

प्रिय पुडीबाई,

तुझ्या दादाने लहानपणी पाडलेलं हे नाव. बटण असो, खडू असो की पडलेला दात, कागदाच्या पुडीत बांधून वर नाव घातल्याशिवाय तू कुणाच्या हातात काही ठेवायची नाहीस. मग औषधाच्या दुकानात लागलीस आणि तीस वर्षं तेच केलंस. या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, कोण जाणे. दुसरं काही लिहायला गेले तर पेन पुढे सरकेना. रागावलीस तरी कागद फाडू नकोस, बाई. आधी पुरतं वाच, मग काय ते कर.

दादा बरा आहे. बोलणं पुष्कळ सुधारलंय, फक्त घाईत ‘र’ अडखळतो. डाव्या हाताने शर्टाची बटणं लागत नाहीत आणि मी लावायला गेले की चिडतो, मी काय बाळ आहे का म्हणून. रोज दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. समोरच्या घड्याळवाल्याने दुकानाला पिवळा रंग दिलाय, त्यावर रोज टीका चालू असते. तुझं नाव तो माझ्यासमोर काढत नाही. पण दाराची घंटा वाजली की मान वळते त्याची, आणि दूधवाला आहे असं दिसलं की पुन्हा सरळ होते. हे मी पाच महिने बघतेय.

गॅलरीतला तो खण तुला आठवत असेल. जुनं कपाट मोडलं तेव्हा त्याचा खालचा खोल खण मी फेकू दिला नाही. सुताराकडून तळाला भोकं पाडून घेतली, माती भरली आणि त्यात लसूणघास पेरला. तू हसली होतीस, वहिनी, तिसऱ्या मजल्यावर गाय कुठे बांधणार म्हणून. बी-बियाणंवाल्याने सांगितलं होतं की हल्ली माणसंही खातात, फार गुणकारी असतो. झालं, मला तेवढं पुरे होतं. बी रात्रभर भिजवायचं, विरळ विखरायचं, वर नखभर माती. पाणी बेताचं, साचलं की मुळं कुजतात. जांभळी फुलं यायच्या आत कापायचा, बुडाशी दोन बोटं ठेवायची, मग तो परत फुटतो. इतका भराभरा फुटायचा की मला गर्व चढला. आल्यागेल्याला गॅलरीत नेऊन दाखवायचे. शेजारणीने एकदा तोंडभरून कौतुक केलं तर तिला पिशवीभर दिला आणि आठवडाभर तिच्या चेहऱ्यावर तेज आलंय का बघत बसले.

आणि रोज सकाळी दादाला पेलाभर रस, दुपारी जेवताना वाटीभर कोवळी पानं, लिंबू पिळून. तोही आवडीने खायचा. हौसेने पिकवलेलं आपल्या माणसाने बोटं चाटून खाल्लं की बाईमाणसाला आणखी काय लागतं गं.

आता खरं लिहिते. त्याच्या हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, दर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तो आकडा. आकडा खाली गेला की गाठ होण्याची भीती. हिरवा पाला त्या गोळीचं काम हाणून पाडतो, म्हणून तूच मोठ्या अक्षरांत यादी करून फ्रिजवर चिकटवलीस : पालक नको, कोबी नको, विचारल्याशिवाय कुठलाच पाला नको. मी ती यादी डोळ्यांत तेल घालून पाळली. घरात पालकाचं पान येऊ दिलं नाही. डॉक्टर दर वेळी विचारायचे, पालेभाजी चालू आहे का? मी छातीठोकपणे सांगायचे, अजिबात नाही. आणि खोटं बोलत नव्हते, पुडीबाई! माझ्या डोक्यात पालेभाजी म्हणजे भाजीवालीकडून जुडी आणतात ती. हा तर घास, जनावरांचा चारा, त्यात घरचा. त्याला भाजी म्हणायचं माझ्या कधी मनातच आलं नाही.

आकडा उतरत गेला. डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली. मग त्या मंगळवारी चहा पिताना दादाच्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं, आणि तो मला काहीतरी सांगत होता ते मला कळेना. त्याला आयुष्यात इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातल्या त्या दोन आठवड्यांत आकडा जागेवर आला. नर्सबाई गोळ्या द्यायच्या आणि आकडा बरोबर यायचा. घरी सात कप्प्यांची डबी कोण भरत होतं? तू. दर रविवारी चष्मा पुसून, ओठ हलवत, एकेक गोळी दोनदा मोजून. मी तुझ्यावर आग पाखडली. दवाखान्याच्या जिन्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर. तुझ्या निष्काळजीपणाने माझ्या नवऱ्याचा हात गेला, असं म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तुझ्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी असताना तुझ्या मालकाला सांगितलं की हिच्या हातच्या गोळ्या लोकांना देताना विचार करा. तू काउंटरच्या मागे कात्री हातात धरून उभी होतीस.

आणखी एक गोष्ट आहे, आपल्या दोघींनाच माहीत असलेली. पहिली कापणी झाली तेव्हाच तू विचारलं होतंस, वहिनी, हे डॉक्टरांच्या कानावर घातलंयस ना? मी फाडकन म्हणाले, तुझं दुकान तिकडे, माझ्या स्वयंपाकघरात औषधं विकू नकोस. तू पुन्हा विचारलं नाहीस. जिन्यातसुद्धा तू हे काढलं नाहीस. मी असते तर शंभर लोकांत ओरडून सांगितलं असतं.

घरी आल्यावर डबी मी भरायला लागले आणि घासही चालू ठेवला, उलट अशक्तपणा आहे म्हणून दुप्पट. महिन्याभरात आकडा पुन्हा घसरला. आता डबीला माझा हात होता. कागद हातात घेऊन तपासणीच्या खिडकीशी उभी राहिले आणि पहिल्या कापणीचा तुझा प्रश्न आठवला. दादा बाहेर रिक्षात होता. रक्त घेणाऱ्या बाईंना मी हळूच विचारलं, लसूणघासाने काही होतं का हो? त्यांनी सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. अहो, म्हणाल्या, हिरवंच ना ते!

त्या दिवशी डॉक्टरांना एकटीने गाठून सांगितलं. त्यांनी घास बंद करायला लावला आणि गोळी हळूहळू बेताला आणली. घरी येऊन मी खण मातीपर्यंत कापला. दादाला सांगितलं, कीड लागली. तो हळहळला. म्हणाला, घासानेच तर मला एवढं उभं केलं. मी पोळपाट धुवायचं निमित्त करून आत गेले.

तेव्हापासून चार महिने झाले. चार महिने मला माहीत होतं आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले. रोज म्हणायचे उद्या सांगते. तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा आले आणि ब्रेड घेऊन परत फिरले. लाज वाटत होती म्हणून लपवलं, आणि लपवलं म्हणून आणखी लाज. लोक अजून विचारतात, नणंदेची चूक झाली म्हणे? मी नुसती मान हलवते. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. माझ्याइतकी भित्री बाई या गल्लीत दुसरी नसेल.

पण मुळं जिवंत राहिली होती. मी तीनदा कापला, चौथ्यांदा तो पुन्हा फुटला. आज सकाळी बघते तर दादा उजव्या हातात कात्री घेऊन गॅलरीत, मांडीत वाटी, आणि चेहरा लहान मुलासारखा फुललेला. कीड गेली बघ, म्हणाला. मी वाटी हिसकावून घेतली आणि तिथेच फरशीवर बसून सगळं सांगितलं. जिना, दुकान, तुझा प्रश्न, माझं उत्तर, चार महिने, सगळं. मला वाटलं, ओरडेल. त्याने एवढंच विचारलं, आणि ती? तिला कधी सांगणार?

काल तुझा मालक बाजारात भेटला, तेही लिहायला हवं, कारण आता मला एक दिवसही थांबता येणार नाही. म्हणाला, तू काम सोडलंस. त्याचेच शब्द : मी नको म्हणत होतो, पण ती ऐकेना; म्हणाली, माझे डोळे गेले, माझ्या हातून सख्ख्या भावाच्या गोळ्या चुकल्या, मी लोकांच्या जिवाशी खेळणार नाही. पुडीबाई, तू माझं म्हणणं खरं मानलंस! मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावून घरी बसली आहेस, आणि तू स्वतःवरच रागावून बसलीस. ऐक. तुझे डोळे शाबूत आहेत. तुझे हात शाबूत आहेत. तुझ्या हातून एकही गोळी कधी चुकली नाही, चूक माझ्या हातून झाली आणि ती मी वाटीत घालून रोज वाढत होते. आत्ता हे पत्र शेजारणीच्या हाती देऊन मी तुझ्या दुकानात जातेय. त्याच काउंटरसमोर, गिऱ्हाइकं असतील तेव्हाच, हे सगळं मोठ्याने सांगणार आहे. मला क्षमा कर असं म्हणायची हिंमत नाही. सोबत सात कप्प्यांची डबी पाठवतेय. रिकामी आहे. रविवारपर्यंतच्या गोळ्या मी बशीत काढून ठेवल्यात. पुढच्या तुझ्या दादाला तुझ्याच हातच्या हव्यात, असं त्याने सांगितलंय, आणि ‘र’ न अडखळता सांगितलंय.

तुझीच,
वहिनी