घरची मोटर असताना

२४ मार्च १९३६, उंद्री

मोटरीखाली तेलाचं थारोळं. परातीएवढं! परीक्षेले चौदा दिवस राह्यले अन् ही बया आजच गळायले लागली.

सात एप्रिलले बुलढाण्याले व्हर्नाक्युलर फायनल. पास झाली तर इथल्या मुलींच्या शाळेतली जागा मले — पंधरा रुपये महिना, माह्या हाताचे. यंदा नाही बसली तर जागा चिखलीच्या एका बाईले देतात. पुढल्या साली मग मी काय पोळपाटावर धडे गिरवू?

गेल्या सालपर्यंत तिकीट काढून सर्व्हिसच्या मोटरीनं कुठंही जात होती. दिवाळीले आमच्या यायनं ही जुनी मोटर घेतली अन् सारं खुंटलं. घरची मोटर असताना सून सर्व्हिसनं गेली तर खानदानाचं नाक कापते म्हणे. मोटर आली अन् माहे पाय गेले.

२६ मार्च

आज निदान झालं. सारा गाव वैद्य! यायचे चुलतभाऊ पंजाबराव — बोट बुडवून वास घेतला, "इंजन फुटलं." पोलीस पाटलानं टायरले लाथ मारून पाह्यली. तेल इंजनाखाली अन् लाथ टायरले. कडूबा गाडीवान म्हणे, "वंगण जास्त झालं असन." ज्याच्या घरी सायकल नाही तोही सल्ला देऊन चहा पिऊन गेला. चहा कोणी केला? मी. अकरा कप.

हे मधात कमरेवर हात ठेवून उभे. चेहरा असा की घरात मयत झाली.

माह्या सासूबाई, रुखमाबाई — मी आत्याबाई म्हणते — ओट्यावरून म्हणाल्या, "गळू दे. मास्तरीण होऊन लोकायच्या पोरींचे शेंबूड पुसाचे हायेत काय इले?" त्या निदान तोंडावर तरी बोलतात.

२८ मार्च

दुपारी सारे जेवून पडले. मी फडकं घेऊन मोटरीखाली शिरली. इंजनाचं पोट पुसून काढलं, खाली पेपर अंथरला अन् भूगोल घेऊन शेजारी बसली. पेपर निघाला तोच — चिखलीले यायनं स्त्रीशिक्षणावर भाषण दिलं, ते ज्यात छापून आलं तो. 'स्त्री शिकली तरच देश उठेल' — टाळ्या! पहिला थेंब बरोबर भाषणावर पडला. हसू दाबता दाबता पदर तोंडात कोंबला.

पण एक समजलं. इंजन फुटलं असतं तर चारीकडून गळलं असतं. सारे थेंब एकाच जागी. वर एक बोल्ट दिसते, तिथूनच.

२९ मार्च

हे शेतात गेल्यावर कापसाच्या जिनातल्या शकूर मिस्त्रीले बोलावणं धाडलं. जिनाचं इंजन वीस वर्षं त्याच्याच हातात आहे. मी दाराआड. तो खाली शिरला अन् लगेच निघाला.

"बाई, जुनं तेल काढाचा बोल्ट हाये, थो ढिला हाये. बस."

"खर्च?"

"वायसरचे दोन आणे. तेल घाला वरून, दीड रुपयाचं." वायसर टाकून बोल्ट आवळला, मग हात पुसत बोलला, "पन बोल्ट अपने आप ढिला नाही होत. पान्याचे ताजे ओरखडे हायेत त्याच्यावर."

३० मार्च

कोरडं! अंगण कोरडं! गणितं सोडवली तीस.

३१ मार्च

पुन्हा थारोळं.

कोणी केलं? दिवसभर ओट्यावर कोण बसते? कोणाले माही परीक्षा नको? आत्याबाई, तुमचं वय काय, तुम्ही पाना घेऊन मोटरीखाली लोळता काय! लय संताप आला. रात्री त्यायच्या भाकरीवर तूप नाही वाढलं.

२ एप्रिल

खामगावचा मिस्त्री आला. बूट घालून. इंजनाचं टोपण न उघडताच बोलला, "इंजन उतरवा लागन. साठ रुपये, पंधरा दिवस."

हे म्हणाले, "ठीक."

साठ रुपये — ठीक? जो माणूस सांभाराच्या हिरव्या जुडीसाठी बाजारात पाऊण तास घासाघीस करते, अन् नाही पटलं तर जुडी परत ठेवते! मी शकूरनं सांगितलेलं सांगितलं. हे गोड बोलले, "जिनातला माणूस तो. त्याले मोटर काय समजते? अन् तुले? तू अभ्यास कर, पुढल्या साली थाटात नेतो."

पंधरा दिवस म्हणजे परीक्षा गेली. रडली मी, पण एक म्हणावं लागते. माह्या परीक्षेच्या मोटरीसाठी साठ रुपये काढायले तयार झाला हा माणूस. उगाच हसते मी त्यायच्यावर. चुकलं.

४ एप्रिल

आत्याबाईले साठ रुपये आज समजले. घर डोक्यावर घेतलं!

"साठ रुपयांत बैल येते रे उत्तम! बैल! अन् तू बोल्टावर घालतं?"

"आई, परीक्षेसाठीच —"

"बारा आण्यात सर्व्हिस बुलढाण्याले नेते. जाऊ दे तिले. म्हणजे तुह्या मोटरीची घाई राह्यत नाही, अन् तो बूटवाला पैसे कमी करते."

"लोक काय म्हणतील?"

"लोक देतात काय साठ रुपये? मी जाईन संग. सासू संग असली तर कोणाचं नाक कापते पाहू."

हे भात तसाच ठेवून उठले.

६ एप्रिल, बुलढाणा

माह्या वच्छलामावशीकडं उतरलो. सर्व्हिसमधी आत्याबाई एका शेळीशेजारी बसल्या, उतरेपर्यंत शेळीले नावं ठेवली. नाक जाग्यावर हाये.

बोल्ट ढिला करणारी बाई माह्या पेपराच्या दिवशी खाता यावेत म्हणून धपाटे बांधून आणते. हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

७ एप्रिल

गणित. सारं आलं. एक उरलं — वेळ नाही पुरला.

९ एप्रिल

शेवटचा पेपर झाला. बाहेर आली तर फाटकासमोर आपली मोटर! हे काळ्या कोटात, मुख्याध्यापकाले अन् दोन वकिलायले सांगत होते, "पहिल्यापासून मीच शिकवली हो इले."

मी वाकून मोटरीखाली पाह्यलं. थेंब नाही.

"खामगावचा मिस्त्री आला होता?"

"छे. त्याले नाहीच म्हणून कळवलं."

"मग बोल्ट कोणी आवळला?"

"मीच. त्यात काय, दोन मिनिटाचं —"

तिथंच थांबले. वकील हसत होते, त्यायले काही समजलं नाही. मले समजलं — ढिला करायलेही दोनच मिनिटं लागतात. आत्याबाईलेही. त्यायनं पोराकडं एकदा पाह्यलं, माह्या हातातली पिशवी घेतली अन् सर्व्हिसच्या अड्ड्याकडं चालू लागल्या. मी त्यायच्या मागं गेली.