मायच्या माळेतली पुतळी

श्री
पारशिवनी,
१० ऑक्टोबर १९७८

चि. मनोहर यास गोपिकाताईचा आशीर्वाद. सध्या तरी आशीर्वादच लिहिते.

नागपुरात बर्डीच्या हॉलातलं नाण्यांचं प्रदर्शन तू मले मोठ्या हौसेनं दाखवलं. मोगलांचे रुपये, भोसल्यांचे पैसे, सारं समजावून सांगतलं. मी कौतुकानं पाहून राहिली होती. मग तुह्या नावाची काचेची पेटी आली, अन् निळ्या मखमलीवर मले मायच्या माळेतली सोन्याची पुतळी दिसली. कडी कापून टाकली तरी ओळखली. तुले दात येऊन राहिले होते तेव्हा मायच्या मांडीवर बसून तू तीच चावत होतास. तो खड्डा अजून तसाच आहे. कुठची म्हणून विचारलं, तर कलकत्त्याच्या व्यापाऱ्याकडून घेतली म्हणालास, अन् मले चहाकडे लोटलं. चार लोकांत मी तोंड उघडलं नाही, ते तुह्या बायकोकडे पाहून.

ही माळ चोरली म्हणून तू पंचफुलाले घरातून हाकललं, मनोहर. माय लकव्यानं पडली तेव्हा तिचं हागणंमुतणं त्या उमरेडच्या विधवेनं काढलं होतं. तू साऱ्या गावासमोर अंगणात तिची पेटी उपडी केली. मी सासरहून येईपर्यंत ती निघून गेली होती. मग माय दुसऱ्या कोणाच्या हातचा घास घेईना, अन् तशीच गेली.

काहून केलं हे, ते लिही. माही माया तुह्या उत्तरासाठी थांबून आहे.

गोपिका


श्री
सक्करदरा, नागपूर,
१४ ऑक्टोबर १९७८

ती. गोपिकाताईस मनोहरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझे कार्ड पोचले. असला मजकूर उघड्या कार्डावर लिहू नये. पोस्टमनने वाचला, शेजारच्या कृष्णकांतने वाचला, मग माझ्या हाती आला. पुढचे पत्र पाकिटात घालावे.

आता खुलासा. माळ आईनेच मला दिली. जवळ बोलावून म्हणाली, ही तुझी, कोणाला सांगू नकोस. भावंडांत वाद नको म्हणून मी बोललो नाही. पंचफुलाचे नाव आधी गावाने घेतले, मी नाही. पेटी उघडली ती लोकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून.

बाकीच्या पुतळ्या माझ्या कपाटात आहेत. हव्या तर घेऊन जा, सुनेला दागिना कर. एवढ्या जुन्या गोष्टीवरून सख्ख्या भावाशी वैर बरे नव्हे. भाऊबीजेला येतोच आहे. तुझ्या हातची सांबारवडी वर्षभर आठवते.

राग आवरावा आणि धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नये, एवढेच मागणे.

तुझा,
मनोहर


पारशिवनी,
२४ ऑक्टोबर १९७८

मनोहर,

हेही कार्डच आहे. वाचू दे पोस्टमनले.

माय म्हणाली, असं लिहितोस. लकव्यानं तिची वाचा गेली होती. मरेपर्यंत तिले पाणी म्हणता आलं नाही, अन् तुले माळ देताना बोलली?

मी उमरेडले गेली. पंचफुला जावेच्या ओसरीत कोष्ट्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून राहिली होती. मले पाहून उठली नाही. मी सारं सांगतलं, तरी तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली की, ताई, मले तेव्हाच माहीत होतं. मनोहर, तू पेटी उपडी करून राहिला होतास तेव्हा माय ओसरीतल्या खाटेवरून लकवा न लागलेल्या हातानं तुह्याकडे बोट दाखवून राहिली होती. साऱ्यांच्या नजरा पेटीवर. तू जवळ गेलास अन् तिच्या हातावर वाकळ ओढली. पंचफुलानं ते पाह्यलं. पण चोर ठरलेल्या बाईचं कोण ऐकतं, असं तिनंच मले विचारलं.

पुढं एवढंच विचारलं की, मी गेल्यावर मायले जेवू कोणी घातलं.

मी तिले संगं घेऊन आली. बाजाराच्या दिवशी तिले माहेरच्या गावी नेलं अन् रामाजी पाटलाच्या ओट्यावर उभी राहून गावाले सारं सांगतलं. त्या दिवशी तुह्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा रामाजीच होता. म्हातारा काठी टेकत उठला अन् तिच्या पाया पडला. लोक मान खाली घालून गेले.

पुतळ्या तुह्या कपाटातच राहू दे. आम्हा दोघींले नको.

भाऊबीजेले यायचं तर ये. पंचफुला आता माह्याकडेच राहते. दार तीच उघडेल. तिनं आत घेतलं, तर मी ओवाळायचं ताट करीन.

गोपिका