फ्रिज हलवला की ग्यास जातो

माय, तुला लिहायचं मी लय टाळलं. सोयाबीन झाल्यावर लिहू, गहू झाल्यावर लिहू, असं करत हार्वेस्टरच्या मागं मागं पार राजस्थानच्या रानात जाऊन आलो. तिकडं एका ढाब्यावर वही पण घेतली होती, तिच्यावर टरबुजाच्या बिया वाळत घातल्या आणि तिथंच विसरलो. तूच म्हणायचीस, याचा पाय घरात ठरत न्हाई आन् हात कामात ठरत न्हाई. आता लिहितोय ते तुझी लय आठवण येतीय म्हणून नाही. भांडायला लिहितोय. तुझ्याशी भांडायची हिंमत तू असताना झाली नाही, आता ऐकून घे.

आपला लाल फ्रिज अजून आहे. त्याच भिंतीला, त्याच विटांवर. तू महिन्याकाठी तो धुवायचीस तो दिवस मला अजून डोळ्यापुढं दिसतो. सकाळीच बटण बंद, दार सताड उघडं, खाली जुनं लुगडं अंथरलेलं. वरच्या खणातला बर्फ तडकायला लागला की गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर हजर, आणि तू एकेकाच्या हातावर बर्फाचा तुकडा ठेवून म्हणतेस, "पळा, राडा करू नका." मग पाण्यात खायचा सोडा कालवून सगळ्या फळ्या पुसायच्या, दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून काळं काढायचं, कोरड्या फडक्यानं टिपायचं आणि वाटीत अर्धं लिंबू ठेवून दार लावायचं. मी एकदा मदत करतो म्हणून फ्रिज पुढं ओढायला गेलो, तर पाठीत धपाटा. "हलवू नको मेल्या, ग्यास जातो!" मागचं धुवायचंय म्हणालो तर म्हणालीस, "मागं काय कुणी ठिवलंय? दिसतं तेवढं धू, आन् तेवढं तरी शेवटाला ने." सेलूतल्या पाच घरांत विचार, सगळ्या बाया हेच सांगत्यात, फ्रिज हलवला की ग्यास जातो. तुझ्यानंतर कुणीच तो हलवला नाही. आणि दूध तुझ्याच रितीनं, रुंद पातेल्यात काठोकाठ, वरच्या फळीवर. भरलं भांडं असावं घरात, म्हणायचीस.

भाऊनं लग्न केलं हे तू बघितलं नाहीस. वहिनी येलदरीकडच्या. त्यांचे वडील धरणात जाळं टाकतात. बापूंनी सून मान्य केली, पण फ्रिज मान्य केला नाही. "तिच्या फ्रिजात मासळी चालायची न्हाई." तिच्या म्हणजे तुझ्या. वहिनींच्या आईनं एकदा तळलेल्या माशांचा डबा दिला होता, घट्ट झाकणाचा. तो आत ठेवला आणि दोन दिवसांत फ्रिजला वास सुटला. बापूंनी डबा उचलला आणि गटारीत रिकामा केला. वास काही गेला नाही. बापू म्हणायचे मुरलाय. रोज उठून "मुरलाय, मुरलाय" ऐकून वहिनी बेजार झाल्या, भाऊनं जिंतूरला खोली केली आणि दोघं निघून गेले. बापू राहिले, फ्रिज राहिला, वास राहिला. बापूंनी आत उदबत्ती लावून बघितली म्हणे. मी घरी आलो तेव्हा पाण्याच्या बाटलीला उदबत्तीचाही वास होता आणि सडल्याचाही. देवळामागचं डबकं प्यायल्यासारखं.

मी म्हणालो, मी धुतो. बापू हसले. "तू? तुज्यानं चप्पल जाग्यावर ठिवणं होईना." तिथंच माझी जिद्द पेटली. सोडा झाला, लिंबू झालं, कोळसा झाला. मधेच दाराच्या आत माझं पाचवीतलं स्टिकर निघालं, ते खरवडण्यात एक दुपार गेली. फळ्या चकचकीत, आणि दार लावून उघडलं की वास तसाच. शेवटी मी ती तुझी बंदी मोडली. दोन्ही हातांनी धरून फ्रिज ओढला. बापू ओरडले, "ग्यास जाईल!" मी म्हणालो, जाऊ द्या. ग्यास काही गेला नाही, माय. मागं खाली, मोटारीच्या वर, पाण्याचा एक ट्रे असतो. आतल्या मागच्या भिंतीला एक बारीक भोक आहे, त्यातून आतलं पाणी या ट्रेत उतरतं. दार आपटलं की तुझं काठोकाठ पातेलं हिंदकळायचं आणि दूधही तिथंच उतरायचं. मोटारीच्या उबेला नासत बसलेलं, पिवळं, जाड, केसाळ दूध. मी ट्रे बापूंच्या नाकापुढं धरला.

"दुधाला असला वास येत नसतो," ते म्हणाले आणि मागं सरकले.

"येतो. घ्या की वास."

त्यांनी घेतला. मग हळूच विचारलं, "तुझ्या मायच्या येळंपासनं हाय का हे?"

"तिच्या येळंपासनं न्हाई बापू. तिच्या रितीनं."

हे मी बोललो, आणि परत बोलेन. तुझ्या नावानं वहिनींना नासकं ठरवलं आणि नासलं होतं आपलंच. ट्रे गरम पाण्यानं घासला, भोकात तार घातली, सोड्याचं पाणी सोडलं, दिवसभर दार उघडं ठेवलं. आज कशाचाही वास नाही. वहिनींना फोन लावला.

"वास माझ्या डब्याचा न्हाई हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, भाऊजी. पण सांगणार कुणाला? सासूबाई फोटोतून माझ्या डब्याकडंच बघायच्या."

"मग आता या की."

"तुमी म्हणून काय होतंय? माझ्या आईच्या हातचं अन्न गटारीत गेलंय. मामंजी तिच्यापुढं बोलतील, तवा येईन."

बापूंना हे सांगितलं. ओट्यावर जाऊन बसलेत ते बसलेतच, चहा पण निवला.

तर असं आहे. हार्वेस्टरच्या मालकाचे फोन यायलेत आणि मी उचलत नाही. यावेळी थोडं थांबावं वाटायलंय. पण हे तुला कळलं तर तू म्हणशील, घरात पाय ठरव असं मी म्हणत नव्हते? तेवढं सुख तुला द्यायचं नाही, म्हणून हे पत्र मी कुठं टाकणार नाही, तुझ्या फोटोपुढं वाचणार पण नाही.

फाटकापुढं रिक्षा थांबली. वहिनी असतील म्हणून डोकावलो, तर वहिनी नाहीत. त्यांची आई आलीय, लग्नापासून या दारात पाय न टाकलेली, एकटीच, हातात कापडात बांधलेला डबा. आत येईना, फाटकाला धरून उभी आहे. बापू उठलेत. चप्पल न घालताच खाली उतरलेत, आणि म्हणायलेत, "या विहीणबाई. द्या तो डबा इकडं, मी फ्रिजात ठिवतो."