दातांच्या दवाखान्याची वाटणी

तीर्थरूप वहिनी,

(सुरुवातीला तुम्हाला आता काय लिहावं यात माझा अर्धा तास गेला. 'सौ.' लिहिलं आणि पत्र गुरुवारी पोचलं तर बरोबर. शनिवारी पोचलं तर शुक्रवारच्या निकालानंतर ते खोटं ठरणार, आणि खोटं लिहून दिल्याचा ठपका माझ्यावर. 'श्रीमती' लिहावं तर कोर्टाच्या आधी मीच निकाल लावून मोकळा झालो असं दिसेल. 'तीर्थरूप'वर दोन्ही बाजूंपैकी कोणाचा दावा नाही, म्हणून तेच.) धाकट्या दिराचा दोन्ही हात जोडून नमस्कार. घाईमुळे अक्षर असं आलं आहे, समजून घ्यावं. तब्येत कशी आहे? तुमच्या बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे असं कळलं, तर गुडघ्याला जपा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. वास्तविक सोमवारपासून दाराची बेल वाजली की मी आधी न्हाणीघरात जातो आणि मग कोण आलंय ते विचारतो.

तुमच्याशी तोंडी, लेखी किंवा फोनवर एक अक्षर बोलायचं नाही, असं दादाच्या वकिलांनी मला बजावलं आहे. का, ते सांगितलं नाही, आणि विचारायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा हे पत्र वाचून झालं की फाडा. फाडण्याआधी मात्र पुन्हा एकदा वाचा, कारण मुद्दा मध्येच कुठेतरी आहे आणि घाबरलो की मला तो वेळेवर सापडत नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, नाहीतर माझाच धागा तुटेल. ज्यांना परवडत नाही त्यांना फुकट दात मिळावेत म्हणून आप्पांनी दवाखान्याची इमारत ट्रस्टला दिली. विश्वस्त तीन : एक दादा, एक मी आणि एक बाहेरचा प्रतिष्ठित माणूस, म्हणजे आपले हेडमास्तर (ते बैठकीला येतात, पहिला विषय वाचला की डोळे मिटतात आणि सहीच्या वेळी बरोबर उघडतात). घरचे दोन विश्वस्त कुटुंबातले हवेत, आणि दवाखाना चालवणारी व्यक्ती विश्वस्तांना पसंत असावी, असं आप्पांनी लिहून ठेवलंय. अठरा वर्षं तुम्ही तिथे लोकांची तोंडं तपासलीत, मापं घेतलीत आणि मागच्या खोलीत बसून दादाने त्या मापाच्या कवळ्या केल्या. तुम्ही दोघं एका छपराखाली राहू शकत नाही हे मला समजतं. (जेवायच्या टेबलावर 'मीठ द्या' हे वाक्य माझ्यामार्फत जाऊ लागलं, त्या दिवसापासून समजतं.) पण त्या कागदावर तुमचं नाव कुठेच नाही, हे माझ्या लक्षात यायला सोमवार उजाडावा लागला. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, वहिनी. परक्या लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ पकडतो. आणि घरातल्या कागदात एक अख्खं माणूस गळलंय, ते मला दिसलं नाही.

सोमवारी सकाळी वकील यादी करायला आले. दवाखान्यातल्या वस्तूंपैकी ट्रस्टच्या कुठल्या, दादाच्या कुठल्या आणि तुमच्या कुठल्या, ते कोर्टाला द्यायचं होतं. विश्वस्त म्हणून खुणा मी लावायच्या : तांबडी चिठ्ठी ट्रस्टची, निळी दादाची, पिवळी तुमची. ऐकायला सोपं वाटतं. रुग्णाची खुर्ची आप्पांची, म्हणून तांबडी लावली. तिचं चामडं तुम्ही बदललंत, म्हणून वरून पिवळी. तिचा पायाने दाबायचा खटका दादाने तीनदा दुरुस्त केलाय, म्हणून खाली निळी. तासाभरात ती खुर्ची वाढदिवसाला सजवल्यासारखी दिसू लागली. वकील म्हणाले, "एका वस्तूला एकच मालक लावा." मी सगळ्या चिठ्ठ्या काढायला गेलो तर चामड्याचा रंग त्यांच्याबरोबर निघून आला. म्हणजे आता ट्रस्टच्या मालमत्तेचं नुकसान झालं, आणि ते करणारा विश्वस्त मी. त्याला शिक्षा काय असते, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुमच्या टेबलावरचा तो जाड काचेचा पेपरवेट कोणाचा, तेही मला सांगता येईना. तो मी पिवळी चिठ्ठी लावून कपाटामागे लपवलाय. (हा गुन्हा होतो का? होत असल्यास मी काही लिहिलेलं नाही.)

आणि मग कंडक्टरबाई आल्या. त्याच त्या, बसमधून निवृत्त झालेल्या, ज्यांचं माप तुम्ही जायच्या आदल्या दिवशी घेतलंत. खालची कवळी तयार होऊन पाण्याच्या वाटीत पडलेली, वरच्या दातांचं काम अर्धवट. वकिलांनी वाटी उचलून पाहिली आणि यात कोणाचा हिस्सा, असं विचारलं. माप तुमचं, हात दादाचा, सामान ट्रस्टचं. मी तिन्ही रंग हातात धरून उभा. बाई बाकावरून उठल्या. दात नसले तरी अठ्ठावीस वर्षं गर्दीत ओरडलेला आवाज जसाच्या तसा आहे.

"माझ्या तोंडाची वाटणी करताय होय?"

वकील म्हणाले, "बाई, हा न्यायप्रविष्ट विषय आहे."

"असेल. मला महिना झाला पेज पिऊन. आधी माझे दात द्या, मग खुशाल काडीमोड घ्या. वरचे एकाने द्या, खालचे दुसऱ्याने द्या, मी दोघांकडून घेते. चला, पुढे सरका!"

आणि वकील खरोखर पुढे सरकले, वहिनी. मी तर पार प्लास्टरच्या खोलीत सरकलो आणि दार लावून घेतलं. मी बाईंना भिऊन तिथे गेलो होतो. पण बाहेरचं सगळं ऐकू येतं त्या खोलीत. बाईंची समजूत घातल्यावर दादा आणि वकील दारापाशीच येऊन उभे राहिले.

दादा म्हणाला, "शुक्रवारच्या आत बारक्याला ट्रस्टमधून काढायचं. एकदा निकाल लागला की हातात काही उरणार नाही."

"तो तयार आहे?"

"त्याला पत्ता नाही. राजीनाम्यावर त्याची सही मी गेल्या महिन्यातच घेतलीय. हेडमास्तर नाही म्हणायचे नाहीत."

"आणि पुढचं?"

"पुढचं मी बघतो. तिला मात्र आत्ता काही कळता कामा नये."

मी होतो तिथेच प्लास्टरच्या पोत्यावर बसलो. गेल्या महिन्यात दादा छापखान्यात आला होता, मी एका दिवाळखोर कंपनीच्या अहवालात बुडालो होतो, आणि त्याने एक कागद पुढे करून 'इथे' म्हटलं. मी 'इथे' केलं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं अक्षरन् अक्षर वाचणारा मी, आणि स्वतःच्या सहीवरच्या चार ओळी वाचल्या नाहीत! आता मी बाहेर, तुम्ही तर आधीपासूनच बाहेर, आत राहणार दादा आणि मिटलेल्या डोळ्यांचे हेडमास्तर. इमारत विकायची म्हटली तर अडवणार कोण? फुकट दात मिळवणारे ते सगळे म्हातारे कुठे जाणार? आणि आपल्याला फसवणारा माणूस आपलाच दादा आहे, हे पचवायचं कसं? लहानपणी अंधाऱ्या जिन्यावरून तो मला पाठीवर घेऊन जायचा, वहिनी. तो कधी असं काही करील हे कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. म्हणजे, मनातल्या मनात.

दोघं बाहेरच्या खोलीत गेले, तेव्हा मी दार उघडून मागच्या खोलीत आलो. दादाच्या कामाच्या टेबलावर, मेणाच्या डब्याखाली प्लास्टिकच्या पाकिटात तो कागद दिसत होता. माझी सही मी लांबूनही ओळखतो, ती घाबरलेलीच असते. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उचललं, आणि त्याच क्षणी दादाची पावलं वाजली. खिशात घालावं तर खिसा फाटका, खिडकीतून टाकावं तर खाली कंडक्टरबाई. समोर वाडग्यात दादाने बोलता बोलता कालवून ठेवलेलं प्लास्टर आणि शेजारी बाईंचं वरच्या जबड्याचं माप. मी पाकीट घडीवर घडी घालून मापात ठेवलं आणि वरून वाडगं ओतलं. का, ते विचारू नका. बुद्धीचा त्यात भाग नव्हता.

दादाने टेबल पाहिलं, डबा उचलला, ठेवला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

"काय करतोयस?"

"मदत," मी म्हटलं.

 मग त्याने ओला फडका आणून माझे हात एकेक बोट करून पुसले, प्लास्टर वाळलं की कातडी ओढते म्हणाला, आणि निघून गेला. वहिनी, तो ओरडला असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

तर मुद्दा असा. बाईंच्या जबड्यात माझा राजीनामा घट्ट बसलेला आहे. तो आहे तोवर मी विश्वस्त आहे. गुरुवारी सकाळी अकराला दवाखान्यात बैठक आहे. तुम्ही काही करून या. तुम्ही नुसत्या दारात उभ्या राहिलात तरी माझ्या तोंडून 'माझा विरोध आहे' हे तीन शब्द निघतील. तुमच्याविना 'त-त-प-प'च्या पुढे मी जाईन असं वाटत नाही. तुमचं त्या घराशी नातं राहो न राहो, दवाखाना बंद पडू देऊ नका. मंगळवार दुपार, छापखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत.

आपला (वाटणी व्हायच्या आधी आणि नंतरही),
धाकटा

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच दादा छापखान्यात आला. हातात बाईंचा जबडा, दोन तुकडे झालेला. साच्यातून काढताना मधोमध फुटला म्हणे. त्याने प्लास्टिकच्या पाकिटातला तो कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "आता तरी वाच." वाचला. त्यात पहिल्या ओळीत माझा राजीनामा आहे. दुसऱ्या ओळीत माझ्या जागी तुमची नेमणूक आहे, आणि तिसरीत दवाखाना तहहयात तुम्हीच चालवावा असा ठराव आहे. घरचा विश्वस्त नेमणुकीच्या वेळी कुटुंबातला हवा, एवढीच आप्पांची अट आहे. शुक्रवारपर्यंत तुम्ही कुटुंबातल्या आहात, शनिवारी नाही, म्हणून घाई. स्वतःचा राजीनामा त्याने देऊ केला होता, पण भांडण चालू असताना त्याच्या सहीवर कोर्ट शंका घेईल असं वकील म्हणाले. मला आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. म्हणाला, "तू घाबरून तिला चार पानं लिहिली असतीस, आणि तिने माझी मेहेरबानी नको म्हणून सही केली नसती." मी चारही पानं हाताखाली झाकली. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण दादाबद्दलचं तेवढं वाचू नका. किंवा वाचलं असेल तर विसरा.

दुसरं ता. क. : गुरुवारी याच, पण विरोधाला नव्हे, सहीला. नवा कागद तयार आहे आणि या वेळी मी तो सात वेळा वाचलाय. (एक वेलांटी चुकली होती.) जाता जाता दादा दारात थांबला. मागची खोली तुमच्याकडून भाड्याने मिळेल का, असं तुम्हाला विचारायचं होतं त्याला. तू विचार, मी म्हटलं. तो म्हणाला, मला भीती वाटते. वहिनी, मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि दादाला भीती वाटते हे मला आज कळलं. तेव्हा त्याच्या वतीने मी विचारतो आहे. तुम्ही समोरच्या खोलीत, तो मागच्या, मधलं दार बंद. मापं खिडकीतून द्या, वाटल्यास माझ्यामार्फत. नाही म्हणायचं असेल तर कृपा करून मला सांगू नका, त्यालाच सांगा. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र कंडक्टरबाई त्यांच्या जुन्या बसने पाठवताहेत. वरच्या दातांचं माप आता नव्याने द्यावं लागणार, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तेही तुम्हीच सांगा.

तिसरं ता. क. : खरं म्हणजे पत्र मी ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. डावीकडची खालची अक्कलदाढ तीन आठवडे ठणकतेय. दुसऱ्या कोणा डॉक्टरकडे जाण्याची माझी प्राज्ञा नाही. शुक्रवारनंतर मी तुमचा कोणी लागत नसलो तरी दाढ तुम्हीच काढाल ना? गुरुवारी बैठकीच्या आधी जमलं तर फार बरं. मग तोंडात बोळा असेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही.